सिद्ध कोणी करायचे? सैनिकाचे अपंगत्व निवृत्तिवेतन आणि न्यायालय



आजचा विषय वर्तमानपत्रात सहसा आतल्या पानावर येतो. सैन्यातला एखादा जवान आजारामुळे किंवा दुखापतीमुळे सेवेतून बाहेर पडतो, म्हणजे सैन्याच्या भाषेत 'बोर्ड आउट' होतो. त्याचा अपंगत्व निवृत्तिवेतनाचा अर्ज फेटाळला जातो, तो न्यायालयात जातो आणि काही वर्षांनी, कधी काही दशकांनी, जिंकतो. बातमी वाचून आपल्याला समाधान वाटते. हे समाधान आपण तपासून पाहावे, यासाठी मी आज उभा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : जे सिद्ध करण्याची जबाबदारी नियमांनी सरकारवर टाकली, ते सिद्ध करायला आपली यंत्रणा जवानाला लावते. न्यायालयात त्याला शेवटी जे मिळते, त्यात नवे असे काही नसते. ते मेडिकल बोर्डाच्या टेबलावर पहिल्याच दिवशी त्याच्या हाती पडायला हवे होते.

आधी हे निवृत्तिवेतन म्हणजे काय ते पाहू. शिपायाला साधारण पंधरा वर्षे सेवा झाल्याशिवाय नेहमीचे निवृत्तिवेतन लागू होत नाही. आठ-नऊ वर्षांच्या सेवेनंतर बोर्ड आउट झालेल्याचे भवितव्य एका प्रश्नावर ठरते : त्याचे अपंगत्व लष्करी सेवेमुळे आले, किंवा निदान सेवेमुळे बळावले, असे मानायचे की नाही? १९६१च्या निवृत्तिवेतन विनियमांतील १७३व्या कलमाने दोन अटी घातल्या. अपंगत्व सेवेशी जोडलेले हवे आणि ते वीस टक्के किंवा अधिक हवे. दोन्ही पुऱ्या झाल्या तर त्याला सेवेचा भाग आणि अपंगत्वाचा भाग असे दोन्ही मिळतात. सहाव्या वेतन आयोगानंतर शंभर टक्के अपंगत्वाचा भाग शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के धरला जातो. म्हणजे वीस टक्के अपंगत्वाला वेतनाच्या सहा टक्के. १९९६पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे बोर्ड आउट झालेल्याचे पन्नास टक्क्यांखालचे अपंगत्व पन्नास टक्के धरले, तर पंधरा टक्के. आकडे मोठे नाहीत. पण दहा वर्षांची सेवाही न झालेल्या माणसाला सेवेशी संबंध नाकारला की दरमहाचे काहीच उरत नसे. अशांना निदान अशक्तता निवृत्तिवेतन द्यावे हा निर्णय सरकारने २०२० साली घेतला, आणि तोही ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांपुरता.

म्हणून सारा कस 'सेवेमुळे' या एका मुद्द्यावर लागतो. तो सिद्ध कोणी करायचा, याचे उत्तर १९८२च्या पात्रता नियमांत स्पष्ट होते. भरतीच्या वेळी कागदावर कसलीही नोंद नसेल, तर तो माणूस शरीराने आणि मनाने धडधाकट होता असे मानायचे. पुढे वैद्यकीय कारणाने त्याला काढावे लागले, तर प्रकृतीचा बिघाड सेवेमुळे झाला असे धरायचे. दावेदाराला काही सिद्ध करायला लावायचे नाही, रास्त शंका उरली तर तिचा फायदा त्यालाच द्यायचा, आणि आघाडीवर सेवा केलेल्यांच्या बाबतीत याहून उदार राहायचे. याला अपवादही ठेवला होता. हा आजार भरतीपूर्व तपासणीत सापडण्यासारखाच नव्हता, असे डॉक्टरांचे मत असेल तर गृहीतक मोडते. मात्र त्यांनी तसे का वाटते याची कारणे नमूद केली पाहिजेत. 'कारणे नमूद करून' ही अट नियमातच लिहिलेली होती. पुढच्या सगळ्या न्यायालयीन लढाया या अटीभोवती फिरल्या आहेत.

हे गृहीतक म्हणजे सैनिकाविषयीच्या भावनेपोटी दिलेली सवलत आहे, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. त्यामागचा तर्क अगदी व्यवहारी आहे. जवान भरती होतो तेव्हा त्याला सरकारचेच डॉक्टर तपासतात. पुढे त्याने कुठे राहायचे, किती उंचीवर जायचे, किती झोपायचे, कुटुंबापासून किती महिने दूर राहायचे, हे सरकार ठरवते. त्याची आजारपणाची नोंद, इस्पितळाचे कागद, नेमणुकांचा इतिहास हे सारे सरकारच्या कपाटात असते. एका बाजूकडे सगळे पुरावे आणि दुसऱ्या बाजूकडे फक्त आजारी शरीर असेल, तर पुराव्याचा भार पहिल्या बाजूवर टाकणे हाच न्यायाचा साधा नियम होय. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, याच विचाराने भार सरकारकडे वळवण्यात आला. फौजदारी खटल्यांत आज जगभर उद्धृत होणारे 'वाजवी शंकेपलीकडे' या कसोटीचे विवेचन न्यायमूर्ती डेनिंग यांनी १९४७ साली केले, ते एका सैनिकाच्या विधवेच्या निवृत्तिवेतनाच्या अपिलातच. सरकारला काय आणि किती सिद्ध करावे लागेल, हा तिथला प्रश्न होता. आपले १९८२चे नियम याच विचाराच्या वाटेवरचे आहेत.

आता प्रत्यक्षात काय घडते ते जवळून पाहू. मेडिकल बोर्डाच्या फॉर्ममध्ये प्रत्येक आजारासमोर रकाने असतात : सेवेमुळे झाला का, सेवेमुळे बळावला का, आणि या मताचे सविस्तर समर्थन. पहिल्या दोन रकान्यांत 'नाही' लिहायला क्षण पुरतो. तिसऱ्यात पुष्कळदा एखादी ठरीव ओळ येते : आजार प्रकृतिजन्य आहे, किंवा आजाराची सुरुवात शांत ठाण्यावर झाली. माणसाची कोणती नेमणूक पाहिली, कोणता अहवाल वाचला, कोणत्या वैद्यकीय कारणाने संबंध नाकारला, याचा त्यात मागमूस नसतो. सातारा जिल्ह्यातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाचे उदाहरण घ्या. कागद बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. तिन्ही दलांपैकी थलसेनेचे निवृत्तिवेतन मंजूर करणारे लेखा कार्यालय प्रयागराजला. नकार आला की पहिले अपील आणि दुसरे अपील यांच्या समित्या दिल्लीत. तिथेही नकारच आला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ. अखेरच्या आदेशापासून सहा महिन्यांत तिथे अर्ज करायचा. मिरगी, मनोविकार किंवा मणक्याची व्याधी घेऊन गावी परतलेल्या, तिशीतल्या, शेतीवर पोट असलेल्या माणसाने हे सगळे पार पाडायचे, आणि ज्या बोर्डाने कारणच दिले नाही त्याच्या मताचे खंडन करायचे.

या विषयातला पायाभूत निकाल म्हणजे धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार. हा जवान १९८५ साली सिग्नल कोअरमध्ये भरती झाला. १९९४ साली मिरगीमुळे, वीस टक्के कायम अपंगत्व ठरवून, त्याला सेवेतून काढले. अपंगत्वाचा सेवेशी संबंध नाही, असे बोर्डाने लिहिले. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने त्याच्या बाजूने निकाल दिला, द्विसदस्यीय पीठाने तो फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३मध्ये, म्हणजे सेवा सुटल्यानंतर एकोणीस वर्षांनी, एकसदस्यीय पीठाचा निकाल पुन्हा कायम केला. न्यायमूर्ती ए. के. पटनाईक आणि न्यायमूर्ती एस. जे. मुखोपाध्याय यांनी कोणताही नवा हक्क निर्माण केला नाही. त्यांनी फक्त दोन गोष्टी तपासल्या. भरतीच्या वेळी मिरगीची नोंद होती का? नव्हती. ती तेव्हा सापडण्यासारखी नव्हती असे बोर्डाने कारणे देऊन सांगितले का? नाही. मग नियमातले गृहीतक लागू होते आणि निवृत्तिवेतन देय ठरते. हे दोन प्रश्न १९९४ साली लेखा कार्यालयातल्या कोणालाही विचारता आले असते. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची गरज नव्हती.

यानंतरच्या निकालांनी तोच धागा पुढे नेला. सुखविंदर सिंग प्रकरणात २०१४ साली न्यायालयाने म्हटले की अपंगत्वामुळे सेवेतून काढावे लागले, याचाच अर्थ ते वीस टक्क्यांहून अधिक धरावे. राम अवतार प्रकरणात त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, नियत वयाने निवृत्त होणाऱ्यांनाही टक्केवारी वरच्या टप्प्यात नेण्याचा लाभ मिळाला. त्याआधी, १९९३ सालीच, सैनिकाला प्रत्यक्ष न तपासता केवळ कागदावरून मेडिकल बोर्डाचे मत फिरवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी देणाऱ्या कार्यालयाला बजावले होते. २००७च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण निर्माण झाले, २००९पासून ते काम करू लागले; आणि न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करण्याचा मार्ग बंद नाही, हे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. कायदा असा हळूहळू पक्का झाला. तरीही एप्रिल २०२५मध्ये, सियाचीनसारख्या ठिकाणी सेवा केलेल्या आणि झटक्यांच्या विकारामुळे १९८९ साली काढलेल्या एका जवानाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत यावे लागले, आणि न्यायालयाला हीच तत्त्वे पुन्हा मांडावी लागली. छत्तीस वर्षे गेली.

या भूमिकेवर तीन आक्षेप घेतले जातात. तिन्ही गंभीर आहेत. पहिला असा : न्यायाधीश डॉक्टर नव्हेत. आजार कशामुळे झाला हे तज्ज्ञांनी ठरवायचे. न्यायालयाने त्यात हात घातला तर तज्ज्ञतेला अर्थ उरत नाही. सर्वोच्च न्यायालयानेच काही निकालांत हा विचार मान्य केला आहे. २००९च्या दामोदरन प्रकरणात आणि २०१९च्या नरसिंग यादव प्रकरणात, दोन्हीकडे विकार मनाचा असताना, न्यायालयाने बोर्डाच्या मताला महत्त्व देऊन दावा नाकारला. काही मनोविकार भरतीच्या तपासणीत दिसत नाहीत, ते मधूनमधून उसळतात आणि मधल्या काळात माणूस बरा दिसतो, हे वैद्यकीय सत्य नाकारता येत नाही. पण या आक्षेपाने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट त्याला बळ मिळते. निदान बदलण्याची मागणी कोणी करत नाही. तज्ज्ञाने आपले मत कशावर उभे आहे ते सांगावे, एवढीच मागणी आहे. मताला आदर मिळतो तो त्यामागच्या विचारामुळे. तो विचार कागदावर आलाच नाही, तर न्यायालयाने आदर कशाचा करायचा? कारणांसह दिलेला नकार न्यायालयात टिकू शकतो, हे नरसिंग यादव प्रकरणाने दाखवले. मे २०२५मध्ये अशाच मनोविकाराच्या दुसऱ्या प्रकरणात बोर्डाने कारणे न दिल्यामुळे नकार टिकला नाही. आजाराचा प्रकार एकच होता. निर्णय फिरला तो कारणांवर.

दुसरा आक्षेप सरकारी तिजोरीचा. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३च्या अहवालाने दाखवले की अपंगत्वाचा लाभ घेऊन निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत बरेच जास्त आहे, आणि रक्तदाब, मधुमेह यांसारख्या जीवनशैलीशी जोडल्या जाणाऱ्या आजारांचा त्यात मोठा वाटा आहे. निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाबाची नोंद करून घेणारे असतील, तर त्यांना रोखले पाहिजे, यात वाद नाही. तो पैसा करदात्यांचा आहे. पण गैरवापराचा संशय ज्यांच्याविषयी आहे आणि नकाराचा फटका ज्यांना बसतो, ते एकच लोक नाहीत. पूर्ण सेवा करून, पूर्ण निवृत्तिवेतन घेऊन निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याला अपंगत्वाचा भाग ही जोड असते. नवव्या वर्षी बोर्ड आउट झालेल्या शिपायाला तोच आधार असतो. शिवाय सरसकट नकार हा गैरवापरावरचा उपायच नव्हे. नीट तपासून, कारण लिहून दिलेला नकार खोटा दावा अडवतो आणि खऱ्याला वाट देतो. ठरीव ओळीतल्या नकारात दोघांत फरकच होत नाही, आणि मग ज्याच्याकडे वकील आहे तो पुढे जातो. तो खोटा दावेदारही असू शकतो.

दरम्यान नियमही बदलले. २००८च्या नियमांनी म्हटले की भरतीची तपासणी सर्वंकष नसते, सुप्त आजार तीत सापडेलच असे नाही, आणि आजार सेवेत असताना दिसला एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असे ठरत नाही. हे म्हणणे गैर नाही. पण त्याच नियमांनी हेही राखले की सामान्यतः दावेदाराला काही सिद्ध करायला लावू नये. फक्त सेवा सुटून पंधरा वर्षे उलटल्यावर, मुदतीनुसार कागदपत्रे नष्ट झाल्यानंतर दावा आला, तर भार त्याच्यावर पडतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ साली मधुमेहाच्या एका प्रकरणात याचा अर्थ लावताना सांगितले की आजार शांत ठाण्यावर सुरू झाला, एवढे कारण पुरेसे नाही. सेवेशी संबंध का नाही हे बोर्डाने दाखवले पाहिजे. सप्टेंबर २०२३मध्ये आणखी नवे नियम आले आहेत. नियम कसेही बदलोत, कारण मागण्याचा न्यायालयाचा अधिकार त्यामुळे संपत नाही. पंधरा वर्षांच्या अपवादाकडे मात्र विशेष लक्ष द्यायला हवे. पहिल्या नकारानंतर जो खचला, ज्याला अपील करता येते हेच कोणी सांगितले नाही, तोच पंधरा वर्षांनी या अपवादात सापडतो. माहिती न देणाऱ्या यंत्रणेच्या चुकीचा भार अशा रीतीने त्याच्याच डोक्यावर येतो.

तिसरा आक्षेप : असेच चालले तर सेवेत असताना झालेली प्रत्येक इजा सेवेमुळेच म्हणावी लागेल. ही भीती न्यायालयांनीच निराधार ठरवली आहे. १९९९च्या मदनसिंग शेखावत प्रकरणात जवान नैमित्तिक रजेवर, स्वतःच्या खर्चाने गावी जात होता; रेल्वेतून उतरताना अपघात होऊन त्याने हात गमावला. प्रवास सरकारी खर्चाने नव्हता म्हणून त्याला नाकारले होते. सर्वोच्च न्यायालयाने नियमाचा हेतू पाहिला आणि निवृत्तिवेतन दिले, कारण ठाण्यावरून घरी जाणे हा सेवेशी जोडलेला प्रवास होता. पण रजेवर गावी असताना स्वतःच्या कामासाठी स्कूटरवरून जाताना झालेल्या अपघाताला त्याच न्यायालयाने २०११ साली हा लाभ नाकारला. दोन निकालांमधली रेषा स्पष्ट आहे. न्यायालय डोळे झाकून उदार होत नाही. सेवा आणि इजा यांच्यात काही दुवा आहे का, हे ते तपासते. कार्यालयानेही एवढेच तपासावे.

आक्षेप बाजूला ठेवून मूळ प्रश्नाकडे येतो. कायदा स्थिर झाल्यावर त्याचा लाभ कोणाला मिळतो? आज त्याचे उत्तर : जो न्यायालयात गेला त्याला. ज्यांनी पहिल्या नकारानंतर कागद बांधून ठेवले, त्यांच्यासाठी २०१३चा निकाल जणू लागलाच नाही. उशिरा येणाऱ्यालाही पूर्ण न्याय मिळत नाही. तरसेम सिंग प्रकरणातील जवानाला १९८३ साली सेवेतून काढले होते. तो उच्च न्यायालयात गेला १९९९ साली. निवृत्तिवेतन न देणे हा दरमहा सुरू राहणारा अन्याय आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली मान्य केले, पण थकबाकी सर्वसाधारणपणे अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित ठेवली. हा नियम सरकारी हिशेबासाठी समजण्यासारखा आहे. त्याचा परिणाम मात्र असा की चुकीचा नकार देणाऱ्याला उशिराचा फायदा होतो आणि चुकीचा नकार सोसणाऱ्याला तोटा. ज्या हक्कासाठी प्रत्येकाला वेगळा खटला लढावा लागतो, तो कायद्याच्या पुस्तकात हक्क असला तरी व्यवहारात इनाम ठरतो.

हे सरकारलाही ठाऊक आहे. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, २०१५ साली, सेवा आणि निवृत्तिवेतनाच्या बाबतीतले खटले कमी कसे करावेत यासाठी त्यांनी तज्ज्ञ समिती नेमली. तिने त्याच वर्षी अहवाल दिला, आणि न्यायालयांनी निकाली काढलेल्या मुद्द्यांवर, विशेषतः अपंगत्व निवृत्तिवेतनावर, सरकारने अपिले लढवत राहू नयेत असे सुचवले. तरीही अपिले होत राहिली. डिसेंबर २०२४मध्ये, काश्मीरमध्ये गस्तीवर असताना मृत्यू पावलेल्या जवानाच्या पत्नीला मंजूर झालेल्या कुटुंब निवृत्तिवेतनाविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ते अपील फेटाळले आणि तिला पन्नास हजार रुपये खर्च देण्याचा आदेश दिला. ते प्रकरण अपंगत्वाचे नव्हते, वृत्ती मात्र तीच होती.

करायचे काय, हे अवघड नाही. मेडिकल बोर्डाने 'नाही' लिहिले, तर कोणत्या नेमणुका आणि कोणते वैद्यकीय कागद पाहून ते लिहिले, हे नमूद केल्याशिवाय तो फॉर्म लेखा कार्यालयाने स्वीकारू नये. नकाराच्या पत्रासोबत बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत आणि अपिलाची मुदत जवानाला त्याच्या भाषेत मिळावी. महाराष्ट्रात हे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडे सोपवता येईल. कारणांविना फेटाळलेले जुने दावे सरकारने आपणहून पुन्हा तपासावेत. आणि न्यायाधिकरणात हरल्यावर वर अपील करायचे असेल, तर कायद्याचा कोणता नवा मुद्दा त्यात आहे हे जबाबदार अधिकाऱ्याने लिहून, सही करून द्यावे. यांतल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. हे सारे आता अधिक निकडीचे झाले आहे, कारण २०२२पासून अग्निवीर चार वर्षांसाठी भरती होत आहेत. त्यांना निवृत्तिवेतन नाही. अपंगत्व आले तर टक्केवारीनुसार चव्वेचाळीस, पंचवीस किंवा पंधरा लाखांची एकरकमी मदत आहे, आणि तीही ते सेवेमुळे आले किंवा बळावले असे ठरले तरच. त्यांचेही भवितव्य त्याच फॉर्मच्या त्याच रकान्यांवर अवलंबून आहे.

मित्रहो, सातारा, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यातली कितीतरी गावे पिढ्यानपिढ्या सैन्यात माणसे पाठवत आली आहेत. अपशिंगे हे गाव तर आपल्या नावातच 'मिलिटरी' लावते. या गावांना गौरवाची भाषणे पुष्कळ ऐकायला मिळतात. त्यांच्या लोकप्रतिनिधींनी संसदेत तीन प्रश्न विचारावेत, असा आग्रह आपण धरू या : गेल्या दहा वर्षांत अपंगत्वाचे किती दावे फेटाळले, त्यांपैकी किती दाव्यांत बोर्डाने कारणे नोंदवली होती, आणि न्यायाधिकरणात हरल्यानंतर सरकारने किती प्रकरणांत अपील केले. या तीन प्रश्नांची उत्तरे सरकारच्याच कपाटात आहेत. पुराव्याचा भार ज्याने उचलायचा आहे, त्याच्याकडेच तो पुरावा मागायचा आहे.